पंधरा मिनिटांचं नरसाळं

(शिरूरला मिशनच्या आवारातली दोन खोल्यांची जागा. दुपार कलली आहे. दौंडहून आलेल्या पाहुण्यांपुढच्या चहावर साय धरली आहे. पाहुण्यांनी कपाला हात लावलेला नाही, आणि ते प्रेमाबाई, तिचा मुलगा बन्यामीन आणि खुद्द पाहुणे शमुवेल, तिघांच्याही नजरेत आहे.)

प्रेमाबाई: आता पोरगा इमानावर हाय म्हंजी इमानात बसतोच, असं मी कवा म्हनलं, पाव्हणं? तुम्हीच त्याला आत बसवलंत.

शमुवेल: बाई, तुम्ही पाळकसाहेबांना सांगितलं, पाळकसाहेबांनी आमच्या दौंडच्या मंडळीत सांगितलं. रेल्वे क्वार्टरात चार दारांनी मला इचारलं, काय शमुवेल डायवर, लेकीला, मरियमला पायलट केला म्हनं? मी बी मान हलवली. आता ती मान कुठं घालू?

प्रेमाबाई: धा वर्सं मी बोर्डिंगात चाळीस पोरींचा सैपाक केला आन् ह्या एका लेकराला वाढवलं. एक शबुद हिकडंतिकडं झाला तर देव बी धरत न्हाई मनावर. बन्या, बोल की रे. पाव्हणं मांडवगणच्या वाटेनं येस्टीत हाडं खिळखिळी करून आलेत, ते तुझं गप बसनं बघायला न्हाई.

बन्यामीन: मामा, मी जमिनीवरच असतो. हवाई दलाच्या दवाखान्याकडचा माणूस. पायलट लोक वर जायच्या आधी मी त्यांच्यासमोर घड्याळ घेऊन बसतो.

शमुवेल: आन्?

बन्यामीन: आणि ते श्वास घेतात ते बघतो.

शमुवेल: श्वास तर आमची म्हैस बी घेती. तिच्यापुढं घड्याळ धरून बसाय सरकारनं मानूस न्हाई नेमला.

प्रेमाबाई: म्हैस काय वर जाती व्हय, पाव्हणं?

बन्यामीन: आई, मला सांगू दे. मामा, आपण जी हवा घेतो तिच्यात प्राणवायू थोडा. बाकीचा बहुतेक नायट्रोजन. तो कामाचा ना धामाचा, रक्तात, चरबीत नुसता मुरून बसतो. आपण खाली आहोत तोवर त्याचा त्रास नाही. पण पंचेचाळीस हजार फुटांवर गेलं की भोवतालच्या हवेचा दाब पार कमी होतो.

शमुवेल: पंचेचाळीस हजार म्हंजी किती? मला रुळाचं अंतर कळतं, वरचं न्हाई.

बन्यामीन: दहा सिंहगड एकावर एक ठेवा.

प्रेमाबाई: एका सिंहगडाला माझं गुडघं बोलाय लागलं व्हतं.

बन्यामीन: दौंड स्टेशनात गोटी सोडा मिळतो ना, मामा? गोटी आत दाबली की काय होतं?

शमुवेल: फसफसतंय. निम्मा शर्टावर.

बन्यामीन: बाटली बंद होती तोवर त्यात बुडबुडा दिसत होता का? दाब गेला आणि आतली हवा बाहेर निघाली. रक्तातल्या नायट्रोजनचं तेच. बुडबुडे होतात आणि खांद्यात, गुडघ्यात अडकतात. माणूस वर, हातात विमान, आणि खांदा असा धरतो की हात उचलत नाही. छातीत गेले, डोक्यात गेले, तर तो माणूस परत येईलच असं सांगता येत नाही.

प्रेमाबाई: वात.

बन्यामीन: आई, वात नाही.

प्रेमाबाई: सांध्यात हवा शिरली, सांधा धरला, ह्याला आमच्या मांडवगण फराट्याला वातच म्हनत्यात. तुमच्या साहेबानं काय बी नाव ठिवू दे. पाव्हणं, मागच्या रजेला मी त्याच्या ट्रंकेत एरंडेलाची बाटली घालून दिली. म्हनलं, पायलट लोकांच्या गुडघ्याला चोळ.

शमुवेल: मग चोळली?

बन्यामीन: ट्रंकेतच फुटली. महिनाभर माझ्या कपड्यांना वास होता.

शमुवेल: बरं, वात म्हना न्हाईतर सोडा. तुझं घड्याळ कशापायी?

बन्यामीन: वर जायच्या आधी खालीच तासभर त्यांना नुसता प्राणवायू देतात. नाकातोंडावर रबराचा मुखवटा, घट्ट. तेवढ्या वेळात आतला नायट्रोजन श्वासावाटे बाहेर पडतो. मुरलेलं निघून गेलं की वर फसफसायला काही उरत नाही. पण पूर्ण तास पाहिजे, सलग. मध्ये एकदा जरी मुखवटा उचलला आणि साधी हवा आत गेली, तर तास पुन्हा पहिल्यापासून. ते बघायला मी.

प्रेमाबाई: सोवळं हाय ते. शिवलं की परत अंघूळ.

शमुवेल: हां. आता मुद्द्यावर आलो आपन. पुन्याहून माझ्या मेव्हन्याचं पत्र आलंय. त्याला तुझ्या कॅम्पातलं कुनी तरी भेटलं. म्हनं, ह्या बन्यामीननं सरकारी इमान अडवलं, साहेबाच्या तोंडाला लागला, आन् आता नोकरीवर गदा आलीय. खरं हाय का खोटं?

प्रेमाबाई: चहा घ्या आधी.

शमुवेल: बाई, चहाचं राहू द्या. ज्या घरात न्हाई म्हनायचं असतं त्या घरचा चहा घेत न्हाईत. हे तुम्हाला बी ठाऊक हाय, मला बी. मी खरं सांगतो, पोरगा मला आवडलाय. नाताळात दौंडला आला तवा मरियमनं भजनाचं पुस्तक उलटं धरलं व्हतं, ते मी बघितलंय. पन माझी एकुलती एक हाय. नोकरी गेलेल्याच्या घरात तिला कशी देऊ?

बन्यामीन: खरं आहे, मामा. विमान माझ्यामुळं थांबलं.

शमुवेल: काय झालं व्हतं?

बन्यामीन: साहेबांची मिशी खाजली.

शमुवेल: आं?

बन्यामीन: बावन्न मिनिटं झाली होती. साहेबांनी मुखवटा उचलला, मिशी खाजवली, परत लावला. दोन सेकंदांचं काम. मी वहीत लिहिलं आणि तास पहिल्यापासून धरला.

शमुवेल: साहेब काय म्हनला?

बन्यामीन: ते आईसमोर सांगता येणार नाही.

प्रेमाबाई: सांगितलंय त्यानं मला. हिंदीत व्हतं, निम्मं कळलं. निम्म्यातच मी कानावर हात ठिवलं.

बन्यामीन: दुसरा तास भरेपर्यंत ढग आले. विमान गेलंच नाही. सोमवारी मला मोठ्या साहेबांपुढं उभं राहायचंय. काय होईल ते मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी तुम्हाला सांगत नाही.

शमुवेल: अरं पोरा, मिशी. दोन सेकंद. तवा जरा तिकडं बघायचं व्हतं, झाडाकडं, पाखराकडं.

बन्यामीन: मी बघितलं होतं ना, मामा. बघितल्यावर न बघितल्यासारखं कसं करणार?

प्रेमाबाई: हे त्याच्या बापाचं. बाप बी असाच. कोंडिबाच्या दुकानात चार दाने ज्यास्त आले तर उन्हातान्हात परत द्यायला जायचा. आमचं लग्न टिकलं ते माझ्यामुळं.

शमुवेल: आन् साहेब लोक तरी कसलं नाजूक. तासभर तोंडाला लावून गप बसायचं, त्यात काय मर्दुमकी? मी भट्टीपुढं बारा-बारा तास हुबा राहिलोय. मिशी मला बी हाय.

बन्यामीन: तासभर नको, मामा. पंधरा मिनिटं बसून दाखवा.

शमुवेल: पंधरा? पंधरा मिनिटं तर मी इंजिनात पानी घेताना मोजत बी न्हाई. आन तुझा मुखवटा.

बन्यामीन: इथं कुठला मुखवटा.

प्रेमाबाई: नरसाळं हाय की. गोड्या तेलाचं. कालच राखेनं घासलंय. हे घ्या, पाव्हणं, रुंद तोंड नाकातोंडावर धरायचं, नळी पुढं. वा. शोभतंय.

शमुवेल: शेंगदान्याचा वास येतोय.

बन्यामीन: वास चालेल. काढायचं नाही, एवढंच.

शमुवेल: काढत न्हाई. आन् आपलं ठरलं. मी पंधरा मिनिटं बसलो, तर पाचच्या येस्टीनं 'न्हाई' सांगून जानार, कुनी डोळ्यात पानी आनायचं न्हाई. न्हाई बसलो, तर चहा घेनार. हे धर माझं घड्याळ. रेल्वेचं हाय, आठवड्यात अर्धं मिनिट मागं पडत न्हाई.

बन्यामीन: सुरू, मामा.

प्रेमाबाई: हे ब्येस झालं. आता मला बोलाय मिळंल. पाव्हणं, तुम्ही नुसती मान हलवा. बन्या, दौंडला जानारे-येनारे आपले सोपानराव सांगत व्हते, दौंडला येनारी ती सकाळची पॅसेंजर कवा बी टायमात येत न्हाई. का, तर डायवर रानात गाडी हुबी करतो आन् हुरडा खातो. म्हनं, गाडीतली मानसं बी उतरून खात्यात. गार्डानं तर गूळ आनलेला असतो.

शमुवेल: कोन सोपानराव? बाई, गाडी मी हुबी केली न्हवती. सिग्नल पडला न्हवता. अर्धा तास हुबा व्हतो, तवा शेतवाल्यानं आनून दिला. आता दिल्यावर न्हाई कसं म्हनायचं?

बन्यामीन: मामा.

शमुवेल: काय?

बन्यामीन: नरसाळं हातात आहे. चार मिनिटं झाली होती. पुन्हा पहिल्यापासून.

शमुवेल: हे काय, त्या बाईंनी बोलायला लावलं.

बन्यामीन: वर बुडबुडा विचारत नाही, कुणी बोलायला लावलं ते.

शमुवेल: बाई, आता तुम्ही बोलायचं न्हाई.

प्रेमाबाई: मी कशाला बोलू? मी तांदूळ निवडते.

बन्यामीन: सुरू.

प्रेमाबाई: मी बोलत न्हाई, मी आपली तांदळाला सांगते. मरियमच्या हातची पुरनपोळी म्हनं मंडळीच्या सभेत सगळ्या बायांनी वाखानली. आमच्याकडं चूल जरा धुरकट हाय, पन खिडकी पाडून घेऊ. शेजारच्या तुळजाबाईच्या मालकाला सांगितलंय, चौकट त्यो करून देतो. पाव्हणं, असं डोळं का वटारताय? बन्या, पाव्हण्यांचं नाक थरथरतंय बघ.

बन्यामीन: आठ मिनिटं झाली, मामा. छान चाललंय.

प्रेमाबाई: अगं बया, मुंगी हाय. नळीतनं आत गेली. एक, दोन. नरसाळ्याच्या काठाला गूळ लागला व्हता काय माझ्या हाताचा?

शमुवेल: अरं, मिशीत शिरली ती. आयला, चावली.

बन्यामीन: नऊ मिनिटं झाली होती. पुन्हा पहिल्यापासून.

शमुवेल: मुंगी चावली तरी बी?

बन्यामीन: साहेबांची तर नुसती खाजली होती. त्यांना पहिल्यापासून आणि तुम्हाला सूट, हे कसं चालेल?

शमुवेल: हे नरसाळं धुवा बाई, आधी. साबन लावा. आन् तुम्ही मुद्दाम केलं न्हाई कशावरनं?

प्रेमाबाई: मुंग्या काय माझं ऐकत्यात व्हय? ऐकत असत्या तर साखरंच्या डब्याकडं गेल्या नसत्या. हं, घ्या, लख्ख केलं. आता मी तोंडाला पदर लावून बसते. बघू कोन पयला काढतं.

बन्यामीन: सुरू. मामा, नाकानं हळूहळू घ्या. साहेबांनाही मी हेच सांगतो. मनात काही तरी म्हणत राहायचं. एक साहेब पाढे म्हणतात, एकजण घरच्या सगळ्यांची नावं घेतात. पाच मिनिटं. तुम्ही स्टेशनं म्हणा, दौंडपासून. आठ मिनिटं. आई, तू हसू नको, ते बघतायत तुझ्याकडं. दहा. दहा झाली, मामा. तुम्ही साहेबांपेक्षा चांगले बसता, हे मी खरंच सांगतो. अकरा.

प्रेमाबाई: पदर काढते बाबा मी, हरले. पन ऐका, येस्टीचा भोंगा वाजला. स्टँडावर लागली बघा पाचची. आज येळंच्या आधी कशी आली मेली.

बन्यामीन: बारा.

शमुवेल: दौंडचीच हाय का ती? बाई, जरा खिडकीतनं बघा, पुढं पाटी काय हाय?

प्रेमाबाई: दौंडचीच. कंडक्टर वर चढला.

बन्यामीन: मामा, तुम्ही काढलंत.

शमुवेल: अरं, पाटी बघायला काढलं. बारा झाली ना? तीन राहिली. तीन मिनिटांत काय व्हतंय? धर झालं म्हनून.

बन्यामीन: नाही धरता येत.

शमुवेल: हे बघ, बन्यामीन. मी आता सरळ बोलतो. पैज ग्येली चुलीत, आन् चहा बी ग्येला. ह्या वयात नरसाळं लावून हरलो म्हनून मला दौंडला जायचं न्हाई. तू तीन मिनिटं सोड, मी माझं 'न्हाई' सोडतो. पंधरा झाली म्हन, मी येस्टीत बसतो, घरी जाऊन मरियमला हो सांगतो. तू माझी लाज राख, मी तुझी राखतो.

प्रेमाबाई: बन्या, म्हन झाली. लेकरा, म्हन. येस्टी चालू झाली बघ. इथं कोन इमानात चाललंय? तेलाचं नरसाळं हाय ते. तीन मिनिटापायी पोरगी घालवतोस?

बन्यामीन: तीन नाही राहिली, आई. पंधरा राहिली.

प्रेमाबाई: तुझ्या तोंडात माती पडो.

बन्यामीन: मला मरियम पाहिजे, मामा. नाताळापासून दुसरं काही सुचलेलं नाही, हे तुमच्यासमोर सांगायला मला लाज वाटत नाही. पण आज तुम्हाला तीन मिनिटं सोडली, तर सोमवारी मी साहेबांपुढं कुठल्या तोंडानं सांगू, दोन सेकंद सोडता येत नाहीत म्हणून? माझ्याजवळ दुसरं काही नाही. मी गाडी चालवत नाही, विमान चालवत नाही. मला फक्त एवढंच येतं.

प्रेमाबाई: गेली येस्टी. धुरळा तेवढा राहिला. घ्या, आता पोरगी बी गेली आन् पाव्हणं बी राहिलं.

शमुवेल: बाई, जरा गप बसा.

प्रेमाबाई: बसले.

शमुवेल: बन्यामीन, एकेरी लायनीवर गाडी कशी सोडत्यात, ठाऊक हाय तुला?

बन्यामीन: नाही, मामा.

शमुवेल: ठेसनमास्तर मिशिनीतनं एक लोखंडी गोळा काढून डायवरच्या हातात देतो. एका वक्ताला एकच गोळा निघतो. तो हातात आला म्हंजी पुढची लायन आपली, समोरनं कुनी येनार न्हाई. गोळा न्हाई तर इंजिन हलवायचं न्हाई. देव जरी आला आन् म्हनला चल, तरी न्हाई.

प्रेमाबाई: देवाला मधी आनू नका, पाव्हणं.

शमुवेल: जर्मनच्या लढाईचं साल व्हतं. बारकं ठेसन. मिशीन अडकली, गोळा निघंना. मागच्या डब्यात बडा साहेब बसलेला, त्याचा शिपाई दोनदा येऊन खेकसून गेला. मास्तर म्हनला, शमुवेल, पुढं चिटपाखरू न्हाई, जा तू, गोळ्याचं मी बघतो. मी म्हनलं, एका ठेसनाचा तर सवाल. गेलो.

बन्यामीन: मग?

शमुवेल: वळनावर धूर दिसला. माझा न्हवं. समोरनं मालगाडी. त्यानं बिरीक दाबला, मी दाबला. थांबलो तवा मधी अंतर किती, तर ह्या दारापासनं तुमच्या चर्चच्या घंटेपातुर. मागं तिसऱ्या वर्गात माझी बायको व्हती, सातवा महिना. पोटात मरियम.

प्रेमाबाई: देवा.

शमुवेल: साहेबाला बी काय कळलं न्हाई. त्यो झोपला व्हता. मास्तरनं वहीत गोळा दिला म्हनून लिहिलं, मी सही केली. ईस वर्सं झाली, मी कुनाला सांगितलं न्हाई. बायको वारली, तिला बी न्हाई. मेव्हन्याचं पत्र आलं तवा मी पोरीला म्हनलं, अडेलतट्टू हाय त्यो, साहेबाशी जुळवून घेता येत न्हाई त्याला. ती नुसती बघत राहिली माझ्याकडं. मला वाटलं, हिला ठाऊक हाय का काय. त्या दिवशी त्या ठेसनात तुझ्यासारखं एक गाढव पायजे व्हतं, पोरा. माझ्या इंजिनापुढं आडवं पडनारं.

बन्यामीन: मामा, सोमवारी काय होईल ते मात्र अजूनही मला माहीत नाही.

शमुवेल: मला बी न्हाई. नोकरी राहील न्हाईतर जाईल. तू तर राहशील. हे घड्याळ राहू दे तुझ्या खिशात. साहेबापुढं जाताना किल्ली देऊन जा.

प्रेमाबाई: पाव्हणं, मी रडत न्हाई, तांदळाचा कोंडा डोळ्यात गेलाय. चहा पार गारढोन झाला. नवा ठिवू का?

शमुवेल: ठिवा. पन लगीच न्हाई, पंधरा मिनिटांनी. आना ते नरसाळं हिकडं. आता काय येस्टी बी न्हाई, बसतो पुरा.

प्रेमाबाई: आता कशाला, पाव्हणं? हरलात की तुम्ही.

शमुवेल: हरलो तर चहा प्यायचा, ते ठरलंच हाय. पन अर्धं सोडून उठायचं न्हाई आता.

प्रेमाबाई: बसा बाबा, दोघं बी एका माळंचं मनी. आन् मुक्कामाला अंथरूण टाकते मी. पन तिकडं पोरगी रस्त्याकडं डोळं लावून बसली असंल. सकाळी गेल्यावर इचारंल, आप्पा, रातच्याला का आला न्हाई? काय सांगाल?

शमुवेल: खरं तेच. जावयानं थांबवलं.